मोरीवरचा हात

सावरघाट लागला तेव्हा गाडीच्या बाहेर काहीच दिसत नव्हतं आणि गाडीच्या आत सगळं दिसत होतं. बाहेर भाद्रपदातलं धुकं रस्त्यावर बसलं होतं. पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा त्यात विरून गेले होते. आत मात्र खिडक्यांच्या काचांवर लख्ख दुपार होती. खाली दरी, दरीच्या तळाशी भाताची खाचरं, पलीकडच्या डोंगरावर ढगाची एकच सावली. गाडी डावीकडे वळली की दरी उजवीकडे सरकायची, चाक खड्ड्यात गेलं की दृश्यही तेवढंच हलायचं. आपल्याला फसवलं जातंय हे पोटाला कळतच नसे, त्यामुळे हल्ली कुणाला गाडी लागत नसे.

कोल्हापूरहून निघालेल्या त्या बिनड्रायव्हरच्या गाडीत सहा जागा होत्या आणि चार माणसं. पुढे इचलकरंजीचं एक जोडपं बसलं होतं, भाचीच्या वास्तुशांतीला कणकवलीला चाललेलं. त्यांच्या मागे त्यांची कॉलेजातली मुलगी. तिनं आपल्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागात क्रिकेटचा सामना लावला होता आणि खालच्या अर्ध्या भागात दरी राहू दिली होती. सगळ्यात मागे आश्लेषा गुरव. तिच्या काचेवर सामना नव्हता की गाणी नव्हती. ती नुसती बघत होती. बघणं हेच तिचं काम होतं.

ही दृश्यकाच ज्या कंपनीनं बनवली, तिच्या पुण्याच्या कार्यालयात आश्लेषा चित्रपारखी होती. काचेवरची पानं वाजवीपेक्षा हिरवी दिसतात का, आभाळ फार निळं होतं का, वळणावर चित्र किंचित मागे राहतं का, हे ती तपासायची. काचेतल्या सगळ्यात लाडक्या युक्तीचं नाव होतं ‘निवळी’. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ खाली बसतो, तशी ही युक्ती धुकं खाली बसवते, असं जाहिरातीत सांगायचे. प्रत्यक्षात धुकं होतं तिथंच असायचं. त्याच रस्त्यानं स्वच्छ दिवशी गेलेल्या शेकडो गाड्यांनी टिपलेली चित्रं एकावर एक ठेवून, त्या जागेचं आणि त्या प्रहराचं एकच चित्र तयार व्हायचं आणि ते काचेवर उमटायचं. त्यासाठी यंत्राला एक साधा नियम दिलेला होता: जे हलतं ते पुसायचं, जे राहतं ते ठेवायचं. म्हणून गाड्या, गुरं, माणसं पुसली जायची. झाडं, कडे, घरं राहायची.

कधीकधी यंत्र चुकायचं. रोज एकाच खुंटाला बांधलेली म्हैस डोंगराचाच भाग म्हणून राहून जायची. अशा गोष्टींना आश्लेषाच्या विभागात ‘उरलंसुरलं’ म्हणत. उरलंसुरलं शोधून पुसायचं, हेही तिच्याच कामात होतं.

सावरघाटाबद्दल तक्रारी यायला लागल्या तेव्हा विभागप्रमुख फैजान मुजावरनं तिला बोलावून त्यातली एक वाचून दाखवली होती.

“‘मोरीच्या वळणावर एक हात नसलेला माणूस बसलेला दिसतो. काच खाली केली की तिथे कुणी नसतं.’ पुढं ऐका. ‘आमच्या सासूबाई घाबरल्या आहेत, तरी खुलासा करावा.’”

“झाडाचं खोड असेल,” आश्लेषा म्हणाली होती.

“खोडाला टोपी असते का? टोपी आहे म्हणतात.” फैजान मिरजेचा, आणि गंभीर चेहऱ्यानं चेष्टा करणारा. “भूत तुमच्या गावचं आहे मॅडम. तुम्हीच भेटून या. आईकडे राहा चार दिवस. येताना मात्र पुसून या.”

कार्यालयात बसून ते बघता आलं नसतं. चित्र आधीपासून रचून ठेवलेलं नसायचं. गाडी त्या जागी पोचली की तिच्या वेगाप्रमाणे, प्रहराप्रमाणे ते तिथल्या तिथे रचलं जायचं. म्हणून आश्लेषा दुपारच्या गाडीत बसली होती. नाहीतरी पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध होतं आणि त्याचं आईशी बोलायचं होतं.

पुढच्या काकूंनी चिवड्याचा डबा बंद केला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“अहो, उठा. मोरीबाबा आले.”

“कोण आलं?”

“मोरीबाबा. शुभदावन्संनी सांगितलं होतं ना, नमस्कार करायचा म्हणून. आणि ए, तो सामना बंद कर जरा.”

मुलीनं सामना बंद केला नाही, पण नमस्कार केला.

आश्लेषानं काचेकडे पाहिलं. वळण आलं. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जाण्यासाठी बांधलेली मोरी, तिचा दगडी कठडा, आणि कठड्यावर बसलेला माणूस. डोक्यावर पांढरी टोपी. डावा हात गुडघ्यावर. उजवा हात खांद्यापासून नव्हताच. तिथे मागचा कडा दिसत होता. चेहरा, भाताच्या वाफेतून दिसावा तसा मऊ झालेला. अंगात फिकट बदामी सदरा.

त्या रंगाचा सदरा बाबांकडे कधीच नव्हता. पांढरे होते, निळ्या चौकटीचे होते आणि नोकरीतले जुने खाकी होते. सगळ्यांचा मिळून यंत्रानं एक रंग काढला होता. आश्लेषाला हे आधी कळलं, आणि तो माणूस कोण आहे हे त्यानंतर.

“थांबवा, थांबवा,” काकू म्हणाल्या. “नारळ आणलाय.”

काकांनी ‘थांबा’वर बोट ठेवलं. प्रवाशानं थांबा म्हटलं की गाडीला थांबावंच लागे. ती वळणातच थांबली. मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. आश्लेषानं वळून पाहिलं तर मागच्या गाडीचं नाक यांच्या गाडीपासून हातभर अंतरावर होतं, आणि त्या गाडीतली माणसंही नारळ घेऊन उतरत होती.

“मी इथंच उतरते,” आश्लेषा म्हणाली आणि पिशवी घेऊन खाली आली.

खाली पांढरं, गार धुकं होतं. कठड्यावर कुणी नव्हतं. जिथे माणूस बसलेला दिसला होता तिथल्या एका सुट्या दगडाला शेंदूर फासलेला होता, त्याच्यापुढे झेंडूची फुलं आणि फुटलेल्या नारळांची टरफलं पडली होती. बाजूला घडीच्या खुर्चीत, छत्री उघडून, बाळूकाका बसले होते. बाबांचे चुलतभाऊ.

“आशू? कवा आलीस?”

“आत्ता. काका, हे काय आहे?”

बाळूकाकांनी आधी इचलकरंजीकरांचा नारळ फोडला, अर्धा त्यांना परत दिला, गाड्या जाईपर्यंत थांबले आणि मग बोलले.

“शेंदूर मी न्हाई लावला. पहिल्यांदा कुणी लावला म्हाईत न्हाई.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा मी लावला. पहिला नीट लागला नव्हता.”

“काका, ते बाबा आहेत.”

“मला सांगतीस व्हय? मी वळखलं न्हाई म्हणतीस माझ्या भावाला?” बाळूकाकांनी छत्री मिटली. “पर लोक हात जोडून उतराय लागले. त्यांना काय सांगू, हा आमचा सदा हाय, यस्टीचा ड्रायव्हर? कोण ऐकतंय. म्हटलं, भावकीतला माणूस देव झालाय तर पूजा आपणच केलेली बरी. दुसरा कोण तरी येऊन बसण्यापरीस.”

आश्लेषाला हसू आलं, आणि ते आलं याचंच तिला आश्चर्य वाटलं. गावच्या रवळनाथाची पूजा गुरवांच्या घरांत पाळीपाळीनं असते. सदाशिव गुरवांनी तरुणपणीच आपली पाळी बाळूला दिली आणि एसटीत ड्रायव्हर झाले. देवाला कुठं जायचं नसतं, माणसांना जायचं असतं, असं ते म्हणत. उभी नोकरी त्यांनी याच घाटात केली. घाटात समोरून दुसरी गाडी आली की ड्रायव्हर एकमेकांना हात दाखवतात. वरचा रस्ता मोकळा आहे, ये, एवढाच त्याचा अर्थ. निवृत्त झाल्यावर ते जेवून या मोरीवर येऊन बसायला लागले. इथं वळण आंधळं होतं. आलेल्या प्रत्येक गाडीला ते हात दाखवायचे आणि दिवस मावळला की घरी जायचे. पुढे बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या. त्यांना वळणापलीकडचं आपसूक कळे, आणि आतली माणसं काचेवरचे सिनेमे बघत असत. बाबा तरीही बसत राहिले.

बाकी अंग स्थिर होतं, म्हणून यंत्रानं ठेवलं. हात हलत होता, म्हणून पुसला.

“मागच्या आठवड्यात एका गाडीचा बंपर गेला हितं,” बाळूकाका हळूच म्हणाले. “मला रात्री झोप न्हाई आली. सदा असता तर पहिली खुर्ची उचलून माझ्या डोक्यात घातली असती.”

घर तिथून जवळ होतं. आई ओट्यापाशी अळूवडीचे उंडे वळत होती. तिनं मान वर करून पाहिलं, ओल्या केसांकडे बघून टॉवेल दाखवला आणि म्हणाली, “मोरीवर उतरलीस.”

“तुला कसं कळलं?”

“थांब्यावर उतरली असतीस तर छत्री घेऊन पोरं आली असती तुझ्यामागं, आशू आली म्हणून सांगत. चहा टाकते.”

आश्लेषानं केस पुसले. मग ओट्याला टेकून म्हणाली, “तू बघितलंयस.”

आईनं चहात साखर घातली, ढवळली.

“मंगळवारी बाजाराला जाते मी. दोनच्या गाडीनं.”

“बाजार तर दुपारपर्यंत उठतो.”

“उठतो. उरलेली वांगी मिळतात.” आईनं कप तिच्यापुढे ठेवला. “सकाळच्या गाडीत हे नसतात. दोनच्या गाडीत असतात. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे.”

आई गाडीत बसते हीच एक नवलाची गोष्ट होती. एसटीच्या ड्रायव्हरची बायको आणि हिला गाडी लागते, ही गावातली जुनी थट्टा होती. लग्नानंतर ती नवऱ्याच्या गाडीत मोजक्या वेळा बसली, तीही ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जागेवर, आवळासुपारी तोंडात धरून, त्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत. दृश्यकाच आल्यावर तिचं पोट शांत झालं होतं. आश्लेषानंच तिला पहिल्यांदा अशा गाडीत बसवलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? तुझं काम काय आहे ते मला माहीत आहे ना. तू पुसायला आली असतीस.” आई खाली बसली. “आलीसच बघ.”

उद्या आश्लेषानं जागा नोंदवली की संध्याकाळच्या आत मोरीवरून तो माणूस नाहीसा होणार होता. आंधळ्या वळणावर गाड्या थांबत होत्या. पुसायलाच हवं होतं. हे तिला कळत होतं आणि आईलाही कळत होतं, कारण आईच पुढे म्हणाली:

“पुस हवं तर. तिथं कुणाला लागलं तर यांना चालणार नाही. पण तसेही ते चाललेच आहेत गं. मिरगाच्या धुक्यात सदऱ्याची कड दिसायची. आता मागचा दगड दिसतो त्यातून.”

ते खरं होतं. प्रत्येक स्वच्छ दिवशी नवी चित्रं भरली जात होती आणि नव्या चित्रांत कठडा रिकामा होता. धुक्याच्या दिवसांत भर थांबायची, म्हणून ते अजून होते. दसऱ्यानंतर आभाळ उघडलं की यंत्राला आपली चूक हळूहळू स्वतःच कळली असती.

“आई, हात का नाही ते माहीत आहे?”

“नाही. मला वाटलं, धुक्यात गेला.”

आश्लेषानं पिशवीतून कामाची पाटी काढली. वहीएवढी पातळ, काळी. तिच्यावर कुठल्याही जागेची मूळ चित्रं बघता यायची, एकावर एक ठेवण्याच्या आधीची. तिनं मोरीचं वळण निवडलं, दुपारचा प्रहर निवडला. पाटी उजळली.

पहिल्या चित्रात बाबा निळ्या चौकटीच्या सदऱ्यात होते आणि त्यांचा उजवा हात वर होता. दुसऱ्यात पांढरा सदरा, हात अर्धा वर. तिसऱ्यात हात खाली येत होता. चित्रं सरकत राहिली. ऊन बदलत होतं, गवत पिवळं होत होतं, पुन्हा हिरवं होत होतं. प्रत्येक चित्रात बाबा समोर येणाऱ्या गाडीकडे बघत होते आणि गाडी त्यांच्याकडे. आतलं कुणी बघत नव्हतं तेव्हा ती एकटी त्यांच्याकडे बघत होती.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ ती नुसती बोटानं चित्रं पुढे ढकलत राहिली.

“ही गाडी रिकामी आहे का?” तिनं एका ठिकाणी विचारलं. चित्राच्या कोपऱ्यात तशी खूण होती.

“हो. परतीची. आत कुणी नव्हतं.”

“तिलाही हात केलाय.”

“हो.”

“काय म्हणावं या माणसाला,” आई म्हणाली. तिचा आवाज तक्रारीचा होता, चेहरा नव्हता.

आणखी थोडी चित्रं गेली. मग आई थांबली. चित्रात बाबांशेजारी ती स्वतः उभी होती, पदर कमरेला खोचून, हातात थर्मास. आईनं पाटी जवळ घेतली.

“ही मी.”

“हो.”

“मी रोज जायचे की चहा घेऊन. रोज. मग काचेत हे एकटेच कसे? मी कुठं गेले?”

आश्लेषानं शब्द शोधले. “तू थांबायची नाहीस, आई. उभ्या उभ्या चहा द्यायचीस आणि निघायचीस. थांबत नाही त्याला यंत्र पुसतं.”

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि हसायला लागली; आधी आवाज न करता, मग डोळ्यांना पदर लावून.

“दूध गॅसवर ठेवून जायचे गं. थांबते कशी?”

चहा गार झाला. तो पुन्हा गरम करायला आई उठली, तेव्हा आश्लेषाच्या मनातला विचार आकार घेऊन बसला होता. जागा नोंदवून पुसण्याचा अधिकार तिला होता. तसाच, यंत्रानं चुकून पुसलेलं परत ठेवण्याचाही होता. एखाद्या झाडाची वाऱ्यानं हलणारी फांदी नाहीशी झाली, तर ती मूळ चित्रातून उचलून जागेवर बसवायची. तिनं फांद्या पुष्कळ बसवल्या होत्या.

“आई, यातला हात निवड.”

“म्हणजे?”

“हात परत बसवते. हात नाही म्हणून लोक थांबतात, नमस्कार करतात. हात असला तर तो मोरीबाबा राहणार नाही. नुसता एक माणूस राहील, पुढे जा म्हणणारा.”

“थांबतील तरी कुणी कुणी.”

“थांबले तर पुसते. त्याच दिवशी पुसते. पण आधी हे करून बघू दे.”

आई पुन्हा खाली बसली. चित्रं पुष्कळ होती आणि प्रत्येकात हात वेगळा होता. यंत्राला निवडायला सांगितलं असतं तर त्यानं सगळे हात एकत्र करून सदऱ्यासारखा एक बदामी धूर काढला असता. आईनं मात्र घाई केली नाही. एक चित्र बघून ती म्हणाली, “हा नाही. हा माशी हाकलण्याचा.” दुसऱ्याला म्हणाली, “हा शिव्या देण्याचा. कुणीतरी वेगात आलं असेल.” तिसरा हात डोक्यापर्यंत वर गेलेला होता. “हा ओळखीच्या माणसासाठी. तू आली असशील त्या गाडीत.”

आश्लेषानं तारीख पाहिली आणि पाटी थोडी तिरकी धरली. तारीख गणपतीच्या आदल्या दिवसाची होती, मागच्या वर्षीची.

“हा ठेवायचा का?” तिनं विचारलं.

“नको. तो तुझा आहे. रस्त्यावर कशाला?” आईनं पुढचं चित्र ओढलं, आणखी पुढचं, आणि मग एकावर बोट टेकवलं. “हा. खांद्याच्या वर जायचा नाही हात. पंजा उघडा, बोटं जराशी वाकलेली. मी पाठीमागून बघितलाय ना हा. किती वर्षं. समोरून बघितला नव्हता कधी.”

संध्याकाळी आश्लेषानं फैजानला फोन लावला.

“पुसलं का भूत?” तो म्हणाला.

“नाही. फैजान, ते माझे वडील आहेत.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आधी नाही का सांगायचं? मी आपला भूत भूत करत बसलो.”

“मला तरी कुठं माहीत होतं.” तिनं त्याला सगळं सांगितलं: मोरी, शेंदूर, बंपर, हात. “हात बसवलाय. चित्र पाठवलंय तुम्हाला. मान्य नसेल तर सांगा, मी स्वतः पुसते.”

“नियमानं पुसायला हवं, मॅडम. माणूस ठेवायचा नाही.”

“नियमात माणूस हा शब्दच नाही. राहतं ते ठेवायचं, एवढंच आहे.”

“ते यंत्रासाठी लिहिलंय.”

“माणसांसाठी कुणी लिहिलंय?”

फैजाननं विचारलं, “खिळा मारायचा का?” खिळा मारणं म्हणजे चित्रातली एखादी गोष्ट कायमची पक्की करणं, मग नवी चित्रं कितीही आली तरी ती पुसट होत नसे. “एकदा मारला की कुणी हलवणार नाही. मी सही करतो.”

आश्लेषानं फोन बाजूला धरून आईला विचारलं. आई अळूवडी तळत होती. तिनं झारा थांबवला नाही.

“नको,” ती म्हणाली. “जाऊ दे त्यांना त्यांच्या चालीनं. उगाच बसवून ठेवू नका. कंबर दुखायची बसून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्लेषा मोरीवर जाऊन उभी राहिली, वळणाच्या अलीकडे, कठड्याच्या आत. धुकं होतंच. बाळूकाकाही खुर्चीत होते. पहिली गाडी आली, तिचा वेग वळणापुरता कमी झाला आणि ती निघून गेली. दुसरी गेली. तिसरी थांबली, एक म्हातारे गृहस्थ नारळ घेऊन उतरले, कठड्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत जाऊन काचेतून पाहिलं.

“अहो, हे तर जा म्हणतायत,” ते आतूनच कुणाला तरी म्हणाले. “मग थांबायचं कशाला?”

नारळ त्यांनी बाळूकाकांच्या हातात दिला आणि गाडी गेली. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत कुणी थांबलं नाही. बाळूकाकांनी शेंदराचा दगड कठड्यावरून उतरवला आणि देवळामागे नेऊन ठेवला. “तिथं बसवला म्हंजे रवळनाथाला सोबत,” ते म्हणाले. “आयुष्यभर देवळात आला न्हाई, आता आणला.”

मंगळवारी आई बाजाराला निघाली तेव्हा आश्लेषाही निघाली. दोनच्या गाडीत एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, एक औषधविक्रेता होता आणि या दोघी. आई डाव्या खिडकीशी बसली, सवयीनं आवळासुपारी तोंडात टाकून. तिची आता गरज नव्हती, पण ती म्हणायची, चव लागली आहे.

वळण आलं. काचेवर उन्हातला कठडा आला आणि त्यावर बाबा आले. सदऱ्यातून दगड दिसत होता, टोपीची कड पुसट झाली होती. हात मात्र नवा होता, सगळ्या चित्रात तेवढाच ठळक; उघडा पंजा, जराशी वाकलेली बोटं. आश्लेषाची कामाची नजर म्हणाली, जुळत नाही, कड फार तीक्ष्ण आहे, थोडी मऊ करायला हवी. मग तिनं ती नजर बाजूला ठेवली.

आईनं मांडीवरचा हात खांद्यापर्यंत उचलला. पुढच्या जागेवरच्या औषधविक्रेत्यानं, मोबाइलवरची नजर वर करत, काही न समजून, पण सहज, आपलाही हात वर केला. गाडी वळण घेऊन वर गेली.

“बरं झालं,” आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “हातासकट बरे दिसतात.”

तेवढ्यात आश्लेषाची पाटी वाजली. फैजानचा निरोप होता. तिच्या बोलण्यानं तो दोन दिवस स्वस्थ बसला नव्हता. राज्यातल्या सगळ्या रस्त्यांवरची चित्रं त्यानं यंत्राकडून चाळून घेतली होती, अशी राहून गेलेली आणखी माणसं आहेत का ते बघायला. ‘म्हशी सोडून दिल्या,’ त्यानं लिहिलं होतं. ‘माणसंच पुष्कळ आहेत. कोण आहेत, आहेत की गेली, काही कळत नाही. एक नमुना पाठवतोय. हिचं काय करायचं?’

खाली चित्र होतं. कुठल्याशा बसस्थानकाचं दार, दारापाशी एक बाई जमिनीवर बसलेली. पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात टोपली. दोन्ही हात कोपरापासून नव्हते.

आश्लेषानं पाटी आईपुढे धरली. आईनं चष्मा वर केला, खाली केला.

“गजरे करत असणार,” ती लगेच म्हणाली. “हात थांबतच नसतील. म्हणून गेले.”

“हो. तसंच असेल.”

गाडी घाटमाथ्यावर आली होती. धुकं मागे राहिलं, निवळी आपोआप बंद झाली आणि काच पुन्हा साधी काच झाली. बाहेर खरी दुपार होती. आई अजून त्या बाईकडेच बघत होती.

“आशू,” ती म्हणाली, “हिच्या घरी कुणाला माहीत आहे का गं, ही इथं बसलेली आहे ते?”